वाढत्या अंगाचं

मंडपामागच्या अंधारात कुणीतरी तुमच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी देतं. पिशवीवर मार्करने लिहिलंय : एम, ७ नंबर. आत जर्सी आहे, कोरी, घडीची, अजून गरम प्रेसचा वास असलेली. जानेवारीची रात्र. भात झोडून झालंय, पेंढा रचून झालाय, म्हसा यात्राही उरकलीय, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवलीच्या आसपास कबड्डीचे दिवस आलेत. उगवतीच्या सह्याद्रीवरून उतरलेला गार वारा मैदानाभोवतीच्या कनाती फुगवतोय. खांबांवरच्या एलईडी दिव्यांखाली तांबडी माती पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेली. निवेदक पुढच्या दोन संघांची नावं पुकारतोय, एक शहापूर तालुक्यातला, एक मुरबाडकडचा.

"घाल लवकर. वजनाला बोलावतायत."

तुम्ही हात वर करता आणि डोकं आत घालता. जर्सी अंगाबरोबर बेतलेली, खांद्यावर अडते. दोन श्वासांपुरता अंधार. नाकातोंडावर पॉलिस्टर. मग गळा कपाळावरून सरकतो, कान घासत खाली येतो, तुम्ही डोळे उघडता.

अंगावर काहीच नसतं.

दिवे नाहीत, मंडप नाही. पुनवेच्या आसपासचं चांदणं आहे आणि पायाखाली कापलेलं भाताचं खाचर. धसकटं खुरप्याने काढलीत, तरी एखादं टाचेला लागतंच. लंगोट आणि त्यावर आखूड चड्डी, एवढाच वेष. साल १९३६ च्या आगेमागे. राखेने ओढलेल्या रेघेपलीकडे पोरं हात पसरून उभी आहेत, त्यांची अंगं घामाने चकाकतायत. खेळाचं नाव इथे हुतूतू. तुम्ही दम भरता, रेघ ओलांडता. एकाचा हात तुमच्या दंडावर पडतो आणि घसरतो. दुसरा कमरेला मिठी घालतो, तीही सुटते. उघड्या अंगावर बोटं ठरत नाहीत, आणि तेल चोळून आलेला तर मासळीसारखा निसटतो. पुढे नियमपुस्तकात अंगाला तेल लावायला बंदी आली ती अशाच अंगांसाठी.

१९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून मोठी स्पर्धा भरवली होती. १९३६ मध्येच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनांना हा खेळ दाखवून आली. इथल्या बांधावर त्याची कुणाला खबर नाही.

त्या बांधाकडे मात्र नीट बघा. तिथे सदऱ्यांची रांग आहे. प्रत्येकाने आपापला सदरा काढून, घडी घालून, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवलाय. तुमचाही तिथेच आहे. मांजरपाटाचा, गुडघ्यापर्यंत येणारा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आईने तो वाढत्या अंगाचा शिवून घेतलाय. तुम्हाला अजून दोन वर्षं पुरायला हवा, मग धाकट्याला. तो फाटला तर या वर्षी दुसरा नाही. उघड्या अंगाने खेळण्यात मर्दानी परंपरा बघणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं मला वाईटही वाटत नाही. पण मला आधी दिसतात ते बांधावरचे ते दगड. खेळाला कपडा नको होता असं नाही. कपड्याला खेळ परवडत नव्हता.

खेळ संपल्यावर तुम्ही दगड बाजूला करता, सदरा उचलता, डोक्यावरून घालता. पुन्हा अंधार, घामाला चिकटणारं खरबरीत कापड.

डोकं बाहेर येतं ते गंजीफ्रॉकातून.

पेट्रोमॅक्सची बत्ती फुसफुसतेय. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि शंकरराव साळवींसारखी माणसं, ज्यांना सगळा महाराष्ट्र बुवा म्हणतो, गावोगाव हिंडून लोकांना एका नियमात बांधू लागली. त्या नियमांबरोबर कपडा आला. गावाकडे आता पत्र्याची एक ट्रंक आहे, ट्रंकेत गंजीफ्रॉक आहेत. लालबागच्या गिरणीत साचा चालवणाऱ्या कुणाच्या तरी काकाने ते आणून दिलेत. ट्रंक उघडली की ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. तुमच्या वाट्याला आलेला काकांच्याच मापाचा असावा. बगल इतकी खाली की बरगड्या दिसतायत, खालची कड चड्डीत खोचली तरी दोन चढायांत बाहेर येते. शेजारच्या जाडजूड पोराला आलेला त्याच्या पोटावर चढून बसलाय. सामना संपला की सगळे ओले गंजीफ्रॉक पुन्हा ट्रंकेत. पुढच्या शनिवारी त्यांना वास येतो.

इथे फार थांबायचं कारण नाही. उलट्या हाताने गळा पकडून तो ओला गंजीफ्रॉक काढा, आणि पुढचा घाला.

आता वर्ष १९७४, आणि इथे मात्र बसून घ्या, कारण बाजारपेठेतल्या शिंप्याच्या दुकानात तुमचं माप घेतलं जाणार आहे.

दुकान म्हणजे एक फळी, एक पायमशीन, भिंतीला टांगलेले लग्नाचे दोन झब्बे आणि एक कोट. तुम्ही सातजण दारात उभे आहात, आत एकावेळी एकच मावतो. फळीवर पांढऱ्या होजियरीच्या बनियनींचा गठ्ठा पडलाय, सगळ्या ९० नंबरच्या, म्हणजे ९० सेंटिमीटर छातीच्या. दुकानदाराकडे एकाच मापाचा गठ्ठा होता आणि घाऊक घेतल्यामुळे स्वस्त पडला. तुमच्यातल्या दोघांनाच ९० होते. बाकीचे ७५ ते ८० मधले, हाडं आणि शिरा.

तुमच्यासोबत गावातले एक जुने खेळाडू आलेत. केस पांढरे, डाव्या हाताची करंगळी वाकडी, कधीकाळी चढाईवाल्याचा पाय धरून पट काढताना मोडलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दोन वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, सदानंद शेट्ये यांना कबड्डीचा अर्जुन पुरस्कार मिळाल्याचं पेपरातलं कात्रण अण्णांच्या पाकिटात आहे. ते शिंप्याला सांगतायत की पोरं उद्या बाहेरगावी खेळणार, ढगळ चालणार नाही.

"बनियन ती बनियन," शिंपीकाका म्हणतात. "आतून घालायची वस्तू. तिला फिटिंग कसलं?"

अण्णा गठ्ठ्यातली एक उचलतात आणि तुमच्या डोक्यावरून घालतात. मग बगलेच्या रुंद भोकात चार बोटं अडकवतात आणि नुसता झटका देतात. तुम्ही दाराच्या चौकटीवर आदळता.

"हे असं. मागून कोपऱ्याचा गडी येतो, बोट अडकवतो, पंच दुसऱ्या बाजूला. पोरगा मध्यरेषेपासून हातभर लांब पडतो. नियमात हात-पाय नाहीतर धड धरायचं, कपडा नाही. पण पंचाला बोट दिसत नाही, पडलेला पोरगा दिसतो." मग ते कापडाची सैल कड चिमटीत धरून हलवतात. "आणि उलटंही आहे, काका. आपला पोरगा बचावात उभा असला आणि त्याची ही फडफडणारी कड चढाईवाल्याच्या बोटाला लागली, तर तो स्पर्श. कापड लागलं म्हणजे अंग लागलं. नियमात कापड म्हणजे अंगच."

शिंपीकाका आता टेप काढतात. तुम्ही सतरा वर्षांचे आहात आणि आजवर कुणी तुमची छाती मोजलेली नाही. वजन मात्र कितीदा झालंय. वजनी गटाचे सामने असले की भाताच्या गिरणीतल्या धान्याच्या काट्यावर उभं राहायचं, अर्ध्या किलोने जास्त भरलात तर गिरणीमागे पळत घाम काढायचा. वजन सगळे विचारतात. माप पहिल्यांदा.

टेप पाठीवरून फिरून छातीवर येते, थंड, कडेला झिजलेली.

"श्वास सोड," शिंपीकाका म्हणतात. "बत्तीस."

"सोडून नाही," अण्णा म्हणतात. "भरून घे रे. चढाईत दम भरलेला असतो, तेव्हाच तर कापड अंगावर हवं."

तुम्ही दम भरता. बरगड्या टेपला आतून ढकलतात.

"चौतीस," शिंपीकाका म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांना या कामात रस वाटतो. कानावरची पेन्सिल काढून ते दोन्ही आकडे वहीत लिहितात, तुमच्या नावापुढे. बत्तीस, चौतीस. दोहोंच्या मध्ये बनियन बसवायची.

पुढचा तास तुम्ही पायमशीनजवळ उकिडवे बसून बघता. ते बनियन उलटी करतात, दोन्ही बाजूंनी खडूने रेघ मारतात, बगल वर उचलतात. पण होजियरी म्हणजे विणलेलं कापड, ते ताणलं जातं, आणि सरळ टीप ताणली की धागा तुटतो. पहिल्या बनियनीचं तेच होतं, अण्णांनी ओढताच टरकन शिवण उसवते. शिंपीकाका काही बोलत नाहीत. मशीनच्या वरची बारीक चकती फिरवून धाग्याचा ताण सैल करतात, शिवताना कापड बोटांनी किंचित ताणून धरतात, आणि दुसऱ्यांदा टीप मारतात. आता ओढा. शिवण कापडाबरोबर ताणते आणि परत येते. चड्डीला पांढरं पॉपलीन. आसनात दोन मांड्यांच्या मधोमध ते एक चौकोनी तुकडा तिरपा जोडतात. "हा नसला तर सूर मारताना फाटेल," ते तुम्हालाच समजावतात, जणू खेळ त्यांचाच आहे.

रात्री चुलीवरच्या पातेल्यात मीठ आणि लाल रंगाच्या पुड्या उकळतात, त्यात सात बनियनी. उरलेल्या पॉपलीनचे आकडे कापून कुणाची तरी बहीण ते पाठीवर हाताने शिवते. तिने धावदोरा घातलाय, टाके एकसारखे. तुमचा सात.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या मैदानावर तुम्ही दम भरता आणि बनियन छातीवर बरोबर बसते, तिला कुठेच सुरकुती नाही. कोपऱ्याचा हात मागून येतो, बगलेशी बोट शोधतो, त्याला काही सापडत नाही. तुम्ही मध्यरेषेवर हात टेकता. उन्हं वर येतात तसा कच्चा लाल रंग घामाबरोबर उतरू लागतो, पांढरी चड्डी गुलाबी होते, आणि जिथे जिथे तुमची पाठ किंवा दंड घासलाय तिथे समोरच्या संघाच्या बनियनींवर लाल फराटे उठतात. एका वादात पंच तो फराटाच बघतात आणि स्पर्श देतात.

ही बनियन मी आजवर सांगितलेल्या आणि पुढे सांगणार असलेल्या सगळ्या जर्सींत चांगली मानतो. तिचं कापड साधं होतं, रंग कच्चा होता. पण एका माणसाने तुमच्या फुप्फुसाला किती जागा लागते ते मोजून ती बेतली होती.

काढताना ती अंगाला चिकटते. जोर लावून ओढा.

पुढचा कपडा मोठा आहे आणि तो मोठाच राहणार आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, महिने गेले, आणि गिरणीतले काका गावी परतले. वळकटीत त्यांच्या लालबागच्या संघाची बनियन होती, पुढे मंडळाचं नाव अर्धवर्तुळात छापलेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळली जात होती आणि काका ती बनियन तुम्हाला देत होते. खांदे तुमच्या दंडावर उतरतात. शिंप्याकडे नेऊ का, असं तुम्ही विचारता. काका नुसते बघतात. मग तुम्ही ती तशीच घालता, चड्डीत खोचून, कमरेशी फुगा करून. अशा कपड्याला कात्री लावायची नसते.

नव्वदचं दशक आणि त्यापुढची दहा-बारा वर्षं भरभर जाऊ द्या. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण घेतलं. मध्य रेल्वे, महाराष्ट्र पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांच्या संघांतून खेळणं म्हणजे पगार, क्वार्टर, आई-बापाला सुख, हे आता खेड्यातल्या पोरालाही ठाऊक. गावातल्या जर्सीवर मात्र दुसरीच नावं येऊ लागली : वीटभट्टी, केबल नेटवर्क, जमिनींचे व्यवहार करणारे भाऊ, वाढदिवस असलेले साहेब. देणाऱ्याने घाऊक बाजारातून कॉलरचे टी-शर्ट आणलेले असत, सगळे एल आणि एक्सएल, कारण लहान कुणाला होणार नाही याची खात्री. तुमच्या बाह्या कोपरापर्यंत येतात. छातीवरचं छापील नाव इतकं जाड की पाठीपोटाला हवाच लागत नाही, आणि तिसऱ्या धुण्यात त्याला तडे जातात. मापाच्या बाबतीत तुम्ही पुन्हा ट्रंकेपाशी आलात. फरक इतकाच की ट्रंक गावाची होती, आणि हा टी-शर्ट कुणाच्या तरी उपकाराचा आहे.

एक गोष्ट मात्र या टी-शर्टाच्या बाजूने सांगायलाच हवी. शहापूर तालुक्याच्या पोटात भातसा, तानसा, मोडकसागर आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते, आणि मार्च सरला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. सुती बनियन धुवायला हंडाभर पाणी आणि वाळायला अख्खा दिवस. पॉलिस्टर तांब्या-दोन तांब्यांत माती सोडतं आणि जेवणं आटपेपर्यंत वाळतं. ज्या आईला रात्रीच्या सामन्यानंतर सकाळच्या सामन्यासाठी तीच जर्सी द्यायची आहे, तिने पॉलिस्टरचं कौतुक केलं तर ते मनापासूनचं असतं.

आता टी-शर्ट डोक्यावरून काढा. तो इतका सैल आहे की अंधारही नीट होत नाही.

२६ जुलै २०१४. बाहेर पाऊस आहे, लावणीची कामं चालू आहेत, हातापायाला चिखल लागलेली माणसं एका घरात टीव्हीपुढे दाटीने बसलीत. मुंबईच्या वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना सुरू होतोय, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. रंगीत मॅट, पायात बूट, आणि अंगावर अशा जर्सी की खांद्याचा गोळा, पाठीची कणा-रेघ, दम भरताना उचललेल्या बरगड्या सगळं दिसतंय. कुणीतरी म्हणतं, "आयला, हे तर आपल्यासारखेच." सहा दिवसांनी, १ ऑगस्टला, पालघर वेगळा होऊन ठाणे जिल्हा अर्ध्याहून लहान होणार आहे. पण या खोलीत बसलेल्या पोरांच्या मनात त्या आठवड्यात गाव मोठं झालं.

पुढच्या हंगामापासून आपल्याकडच्या जर्सी अंगासरशा झाल्या. त्यामागे टीव्ही आहे, तसं एक यंत्रही आहे. कल्याणच्या वाटेवर किंवा जवळच्या एखाद्या गाळ्यात जाऊन ते बघा. कागदावर उलटं छापलेलं चित्र पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्यावर ठेवतात आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या प्रेसखाली दाबतात. शाईची थेट वाफ होते, ती धाग्यात शिरते आणि गार होऊन तिथेच बसते. म्हणून ती तडकत नाही आणि हाताला लागतही नाही. सुती कापड ही शाई धरत नाही. पोट, पाठ, बाह्या हे तुकडे आधी छापतात, मग शिवतात, त्यामुळे प्रत्येक जर्सीवर वेगळं नाव, वेगळा नंबर टाकायला वेगळा खर्च नाही. नियमाने नंबर पुढे किमान ४ इंच, पाठीवर किमान ६ इंच. त्याच्या वर आता तुमचं नाव. कर्णधार व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिहितो : नाव, नंबर, साईज टाका. आणि चाळीसेक वर्षांत दुसऱ्यांदा तुम्हाला कुणीतरी माप विचारतं.

जर्सीचं कापड दोन अंगठ्यांनी ताणून बघा. भगव्या रंगाच्या आत पांढरं दिसतं, विणीच्या वळणांत शाई पोचलेली नसते. सोडलंत की पांढरं मिटतं. चढाईत पाठ ताणली जाते तेव्हा तुमच्या नावाची अक्षरं क्षणभर अशी फिकी होतात आणि परत भरतात.

पण तुम्ही आत्ताच अंगात घालू नका. ही जर्सी हातात घेऊनच मैदानाच्या कडेला, गुणलेखकाच्या टेबलाजवळ उभे राहा, कारण पुढचा सामना मुलींचा आहे.

२०१६ चा हिवाळा धरा. मुलींचं मैदान लहान, १२ बाय ८ मीटर. पुरुषांचं १३ बाय १०. मुलींची कबड्डी काही काल आलेली नाही, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्याला झाली. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये भारताच्या महिलांनी सुवर्ण घेतलं, २०१२ मध्ये पाटण्याला विश्वचषक जिंकलेल्या संघात आपल्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ होत्या. समोर उभ्या असलेल्या सात मुलींना ही नावं तोंडपाठ आहेत.

त्यांच्या अंगावरच्या जर्सी मात्र दादांच्या संघाच्या उरलेल्या आहेत. नवीन खर्च कशाला, असं ठरलं असणार. खांद्याची शिवण दंडावर, बाह्या कोपराखाली, घेर दोघी मावतील इतका. आतून प्रत्येकीने अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि लेगिंग घातलंय. एकीने मागे कमरेशी गाठ मारलीय. गाठ म्हणजे आयती मूठ, पहिल्याच पकडीत कोपऱ्याच्या मुलीचा हात तिथेच जातो. दुसरीने गळ्याला टाचणी लावली होती, ती पंचांनी तपासणीत काढायला लावली, टोचेल म्हणून. बरोबरच आहे त्यांचं.

आता चार नंबरच्या मुलीकडे बघा. ती उजवा कोपरा आहे. पवित्रा घ्यायचा म्हणजे गुडघ्यात मोडून, कमरेत वाकून, दोन्ही हात पुढे पसरून उभं राहायचं. ती वाकते आणि जर्सीचा गळा खाली लोंबतो. मैदानाभोवती माणसांची भिंत आहे, पुढच्या रांगेत पोरांच्या हातात मोबाईल आहेत. ती डावा हात उचलते आणि गळा छातीशी दाबून धरते. उजवा हात पसरलेला. असं एका हाताने ती कोपरा राखते. चढाईची मुलगी तिच्या अंगावर येते, बोनसचा पाय टाकते, घोटा तिच्या डाव्या हाताच्या अगदी टप्प्यात आहे. पट निघाला असता. डावा हात गळ्यावर आहे. तो सुटतो, पण अर्ध्या क्षणाने उशिरा, आणि घोटा गेलेला असतो.

बाहेरून कुणीतरी ओरडतं, "झोपलीय काय रे ती!"

ती झोपलेली नव्हती. तिचा एक हात कपड्याने काढून घेतला होता. पुरुषांच्या जर्सीच्या तंगपणाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलतात, हल्लीची पोरं दिसण्यासाठी खेळतात वगैरे. मला त्या बोलण्यात काही राम दिसत नाही. पकडीतून सुटायचं तर कापड अंगालगत हवं, हे अण्णांना १९७४ मध्ये ठाऊक होतं. ज्यांचा गळा नीट बेतायला हवा होता, त्या मुलींना मात्र एवढ्या वर्षांत कुणी साईजही विचारली नव्हती.

मध्यंतरात ती टेबलामागे येते, पाठमोरी उभी राहते, जर्सी काढून उलटी घालते. पाठीची बाजू पुढे. पाठीकडचा गळा उंच असतो, तो आता गळ्याशी नीट बसतो. ६ इंची चारचा आकडा छातीवर येतो, ४ इंची पाठीवर. पंच बघतात, गुणलेखकाकडे बघतात, आणि काही न बोलता शिट्टी वाजवतात. दुसऱ्या डावात ती दोन पट काढते.

आता तुमच्या हातातली जर्सी घाला. खांद्यावर अडेल, जोर लावा. दोन श्वासांचा अंधार, नाकातोंडावर पॉलिस्टर.

मंडपामागेच आहात तुम्ही, एलईडीच्या उजेडात. "वजन झालं का?" कुणीतरी विचारतं. तुम्ही काट्यावर उभे राहता, आकडा ठरतो, कागदावर चढतो. जर्सी छातीवर बसलेली आहे. दम भरून बघा. बसलेलीच राहते.

काट्याच्या पलीकडे, कनातीच्या आडोशाला, मुलींची रांग लागलीय. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी जर्सी छापायला द्यायच्या आहेत. रांगेच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक ताई बसलीय, पंचविशीच्या आसपासची, गळ्यात शिंप्याची टेप, मांडीवर शाळेची वही. बोटांवरून ओळखता येते, उजवा कोपरा खेळलेली. एकेका मुलीला ती समोर उभं करते, खांदा मोजते, छाती मोजते, मग वाकायला लावते आणि गळा कुठवर येतो तिथे बोट ठेवून इंच मोजते. वहीत तिने एक वेगळा रकाना आखलाय : गळा.

शेवटी उभी आहे ती अकरा-बारा वर्षांची, पाड्यावरून आलेली, काटकुळी. सोबत तिची आई आहे.

"हिचं जरा वाढत्या अंगाचं घ्या ताई," आई म्हणते. "पुढल्या वर्षी पण होईल."

मुलगी आईकडे बघते, मग ताईकडे. "नको. आत्ता आहे तेवढंच."

ताई टेप तिच्या पाठीमागून पुढे आणते.

"श्वास सोड. पंचवीस. आता दम भर. भर अजून. सत्तावीस."

आणि वहीत तिच्या नावापुढे दोन्ही आकडे लिहिते.